लोगो दर वेळी नव्यानं कशाला नाचवायचा?

वाशी, तुर्भे, नेरूळ, खारघर इकडचे आपले बरेच व्यावसायिक आता रील स्वतःच एडिट करतात, नाहीतर महिन्याच्या बोलीवर एखाद्या पोराकडून करून घेतात. चांगलंच आहे. पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. सोमवारी लोगो उडी मारून येतो, बुधवारी गिरकी घेत, शुक्रवारी कुठल्यातरी फुकटच्या टेम्प्लेटमधून. विचारलं तर उत्तर तयार असतं, "सर, नवीन काहीतरी दिसलं पाहिजे ना!"

अहो, माल नवा दाखवा, ऑफर नवी दाखवा. लोगो आणि भावाची पट्टी मात्र एकाच चालीनं येऊ दे. एपीएमसीत गाळ्यावरची पाटी कोणी दर आठवड्याला बदलतं का? गिऱ्हाईक आवाज बंद ठेवून स्क्रोल करत असतं, त्याला ती ओळखीची हालचालच थांबवते.

शिवाय वेळेचा हिशोब बघा. कीफ्रेम म्हणजे या क्षणाला लोगो इथे, त्या क्षणाला तिथे, अशी खूण. मधला प्रवास सॉफ्टवेअर भरून काढतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली, तेव्हा काड्या हातानं सरकवत एकेक फ्रेम टिपावी लागायची. आपल्याला दोन-चार खुणा पुरतात. पण त्याच खुणा प्रत्येक व्हिडिओत परत लावायच्या? लोगो, पट्टी आणि शेवटचा फोन नंबर मिळून २० मिनिटं धरा. महिन्याला १२ रील म्हणजे ४ तास गेले.

प्रीमियर प्रोमध्ये इलाज सोपा आहे. इफेक्ट कंट्रोल्समध्ये कीफ्रेम लावलेला इफेक्ट निवडा, राइट क्लिक, सेव्ह प्रीसेट. इथे तीन पर्याय येतात आणि लोक न वाचताच ओके दाबतात. मग म्हणतात प्रीसेट बिघडला! 'स्केल' ठेवलं तर कीफ्रेम क्लिपच्या लांबीप्रमाणे ताणले जातात. ५ सेकंदांच्या क्लिपवर १ सेकंदात येणारा लोगो ३० सेकंदांच्या क्लिपवर ६ सेकंद रांगत येणार. म्हणून आत येणाऱ्या हालचालीला 'अँकर टू इन पॉइंट', बाहेर जाणाऱ्या हालचालीला 'अँकर टू आउट पॉइंट'. 'स्केल' फक्त क्लिपभर चालणाऱ्या संथ झूमसाठी. एवढं कळलं की निम्मी डोकेदुखी गेली.

आणखी एक खोच आहे. 'मोशन'चा प्रीसेट टाकला की क्लिपची आधीची मोशन सेटिंग पुसली जाते. तुम्ही लोगो कोपऱ्यात नीट बसवलेला असतो, तो प्रीसेटमधल्या जागी निघून जातो. लोगो लहानाचा मोठा होत आणायचा असेल तर ती हालचाल 'ट्रान्सफॉर्म' इफेक्टवर करा आणि तो सेव्ह करा. कोपऱ्यातली जागा जशीच्या तशी राहते.

दा विंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी पेस्ट अॅट्रिब्यूट्स उघडून बघावं. तिथेही कीफ्रेमसाठी 'मेंटेन टायमिंग' आणि 'स्ट्रेच टू फिट' असे दोन पर्याय आहेत. अर्थ तोच.

दिवाळीला, गणपतीला काय करायचं? रंग बदला, तोरण लावा. चाल बदलू नका.

आता पैशाचं बोलतो, कारण खरी अडचण इथे होते. एडिट करणारा पोरगा हुशार असतो, पण उद्या त्याला चांगली नोकरी लागते आणि तो जातो. जावंच त्यानं. पण तुमच्या लोगोची चाल त्याच्या लॅपटॉपमध्ये राहिली तर नवा माणूस पहिल्यापासून सुरू करणार आणि त्याचे पैसे वेगळे लावणार. म्हणून काम देतानाच बोलून घ्या की प्रीसेट फाइल आमच्याकडे राहील. त्या मेहनतीचे एकदा वेगळे पैसे द्या, फुकट मागू नका. प्रीमियरमध्ये प्रीसेटवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट केलं की छोटीशी फाइल मिळते. लोगो आणि फॉन्टसोबत ती स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा. आणि नावात दुकानाचं नाव, तारीख टाका. 'फायनल नवीन २' नको.