भाकरी मागा, धाक दाखवू नका

‘मुसलमान पोरांना शिक्षण द्या, नोकऱ्या द्या, नाहीतर ती अतिरेक्यांच्या हाती लागतील.’ हे वाक्य बोलणारे बहुधा आपले हितचिंतकच असतात आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही असतो. मला मात्र ते शिवीसारखे लागते.

युक्ती जुनीच आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८७८ साली समाजवाद्यांच्या सभांवर, वृत्तपत्रांवर बंदी घातली आणि १८८३ पासून कामगारांसाठी आजारपणाचा, अपघाताचा, पुढे म्हातारपणाचा विमा आणला. कामगार समाजवाद्यांपासून तुटावा, हा त्यामागचा उघड हेतू. कामगाराने विमा घेतला आणि १८९० च्या निवडणुकीत समाजवाद्यांनाच मते दिली. १४ लाखांहून अधिक, सर्व पक्षांत जास्त!

अलीकडचा युरोप पाहा. २००४ साली ॲमस्टरडॅममध्ये थिओ व्हॅन गॉग या दिग्दर्शकाचा खून करणारा मोहम्मद बुयेरी बेकारभत्त्यावर जगत होता. सरकारी भत्त्यावर अतिरेकी पोसले जातात, ही तिथल्या उजव्यांची आवडती ओरड. पण २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांचा म्होरक्या मोहम्मद सिद्दीक खान हा शाळेत नोकरी केलेला, बायको-मुलीचा संसार असलेला माणूस होता. आणि नॉर्वे? पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत सरकार काळजी घेते अशा त्या देशात २२ जुलै २०११ रोजी ७७ जणांना मारणारा ब्रेविक ना उपाशी होता, ना मुसलमान. उलट मुसलमानांचा द्वेष हाच त्याचा धर्म.

तरी आपल्यातले काही जण खुन्यासाठी बेकारीची सबब पुढे करतात. बुयेरीचे पाप बुयेरीचेच. भत्त्यावर दिवस काढणाऱ्या इतरांनी कुणाचा गळा चिरला नव्हता.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के, मुसलमानांची ५९. हा नागरिकाच्या हक्काचा प्रश्न. पण आपण तो ‘देशाच्या सुरक्षे’च्या पदराला बांधला की समोरचा माणूस आपल्या मुलाकडे उद्याचा संशयित म्हणूनच पाहणार. मग ज्या मोहल्ल्यातून एकही गुन्हेगार निघाला नाही, त्याला शाळा नको? जकातसुद्धा आपण घेणाऱ्याचा हक मानतो. तो उद्या चोरी करील या भीतीने देत नाही.

भिवंडीत यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा बाप मुलीसाठी शाळा मागतो. त्याच्या अर्जात बॉम्बचा उल्लेख कशाला हवा?