श्वासाचा गंध आणि मधुमेह

शरीराच्या वासाविषयी चारचौघांत बोलणे शिष्टाचारास धरून मानले जात नाही. या संकोचाची किंमत मधुमेही माणसाला प्रसंगी प्राणांनी मोजावी लागते. फार पिकलेल्या फळासारखा किंवा नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा गंध त्याच्या श्वासाला येऊ लागला, की घरची मंडळी त्याला तोंड धुण्यास सांगतात, तर परक्यांना तो मद्य प्यायलासे वाटते. यांतील दुसरा समज अधिक घातक होय. कारण मद्यपी ठरलेल्या माणसाला इस्पितळात नेण्याऐवजी कोपऱ्यात निजवून ठेवले जाते.

हा गंध रक्तातून येतो. तोंड धुऊन तो जात नाही. इन्शुलिन फारच अपुरे पडले म्हणजे रक्तात साखर विपुल असूनही स्नायूंना ती पुरेशी घेता येत नाही. कोठार भरलेले आणि घरात उपासमार, अशी ही अवस्था. मग शरीर साठविलेली चरबी झपाट्याने मोडू लागते व यकृत तिच्यापासून कीटोन द्रव्ये तयार करते. त्यांपैकी ॲसिटोनची सहज वाफ होते. ते फुप्फुसांवाटे बाहेर पडते आणि नाकाला जाणवते. उरलेली दोन द्रव्ये अम्ले आहेत, आणि खरा धोका त्यांचाच. रक्तातील अम्लता कमी करण्यासाठी रोगी खोल, धापेसारखा श्वास घेऊ लागतो. या श्वासाचे वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये केले. पण तेव्हा हाती उपाय नव्हता. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्शुलिनचा शुद्ध केलेला अर्क टोचण्यात आला, तेव्हा त्याच्या लघवीतील कीटोन नाहीसे झाले.

चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत अंगगंधाचा उल्लेख आहे. मात्र तो हाच गंध असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. मधुमेह्याला येणारा प्रत्येक वास भयसूचक नसतो. हिरड्यांचे विकार व त्वचेच्या घड्यांतील बुरशी हीही कारणे असतात, आणि उपवास करणाऱ्या निरोगी माणसाच्या श्वासातही थोडे ॲसिटोन सापडते. उलट, हा गंध सर्वांच्याच नाकाला कळतो असे नाही. नाकाने शंका घ्यावी, निर्णय रक्ताच्या व लघवीच्या तपासणीवर सोपवावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख अंदाजिली. अशा देशात ही माहिती केवळ वैद्यांपाशी राहणे योग्य नव्हे. ती शाळेतील आरोग्याच्या धड्यात आली पाहिजे. मुलांमध्ये तर पुष्कळदा मधुमेहाचे प्रथम निदानच या अवस्थेत होते. अतिशय तहान, वारंवार लघवी, घटणारे वजन यांकडे दुर्लक्ष झालेले असते, आणि ओकारी व पोटदुखी सुरू झाली की अपचन म्हणून घरगुती औषध दिले जाते. त्या वेळी शेजारी बसलेल्या शिक्षकाला हा गंध ओळखता आला, तर बहुमोल तास वाचतात.

आणखी एक चूक घरोघरी होते. रोगी आजारी आहे, जेवत नाही, म्हणून इन्शुलिन आपल्याच मनाने बंद केले जाते. वस्तुतः तापात व इतर आजारांत शरीराची इन्शुलिनची गरज बहुधा वाढते. मात्रा किती असावी हे वैद्याने ठरवावे. ओकाऱ्या, धाप किंवा गुंगी दिसताच रोग्याला विनाविलंब इस्पितळात न्यावे.