निळे पाणी स्वच्छ झाले, पुढे काय?

फेराइट हा शब्द फारसा कानावर पडत नाही, पण वस्तू घरोघरी आहे. जुन्या रेडिओच्या पोटातली काळी कांडी, लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवरचा फुगवटा, स्पीकरमागचे काळे चुंबक हे सगळे फेराइटच. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये जस्त, कोबाल्ट, निकेल असा एखादा धातू मिसळून ते बनते. आपल्या शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यावर वर्षानुवर्षे संशोधन चालले आहे, हे मात्र शहरात फार थोड्यांना ठाऊक असते.

याची कृती ऐकली की स्वयंपाकघर आठवते. लोखंड आणि जस्ताची नायट्रेटे पाण्यात विरघळवायची, त्यात सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्त्व घालायचे, अमोनियाने आंबटपणा मोडायचा आणि ढवळत ढवळत आटवायचे. पाकासारखे घट्ट होत त्याचे जेल बनते आणि आणखी तापवले की ते आपणहून पेट घेते. मागे उरते भुसभुशीत राख. ती खलून भट्टीत भाजली की वीस-तीस नॅनोमीटरचे कण हाती येतात. आपल्या एका लाल रक्तपेशीच्या रुंदीत असे दोन-तीनशे कण सहज ओळीने बसतील.

मग या भुकटीवर प्रकाश सोडून ती कोणता रंग गिळते ते पाहतात. पाण्यातली घाण प्रकाशाच्या मदतीने तोडण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड प्रसिद्ध आहे, पण त्याला अतिनील किरण लागतात आणि ते उन्हात जेमतेम चार-पाच टक्के. झिंक फेराइट दृश्य प्रकाश शोषते. म्हणजे आपले रखरखीत ऊन त्याला चालते. शिवाय चुंबकीय गुणामुळे काम झाल्यावर भुकटी चुंबकाने गोळा करता येते, निदान तशी आशा असते.

पेपरात मात्र बातमी येते ती कर्करोगाची. ‘नॅनो कणांनी कॅन्सर बरा होतो म्हणे, आपल्याकडे कधी?’ असे नातेवाईक विचारतात. त्यांना मी सांगतो ते इथेही सांगतो. दृश्य प्रकाश शरीरात फार आत जात नाही, रक्त आणि कातडी त्याला अडवतात. चुंबकीय क्षेत्र मात्र आरपार जाते. म्हणून वैद्यकात या कणांचे मोल त्यांच्या चुंबकत्वात आहे. लोह ऑक्साइडचे कण एमआरआयमध्ये वापरले गेले. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी फेरुमॉक्सिटॉल हे अशाच कणांचे इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झाले आणि जीवघेण्या ॲलर्जीमुळे २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापावा लागला. मेंदूच्या गाठीत कण सोडून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवायचे, या उपचाराला युरोपात २०१० मध्ये परवानगी मिळाली, तरी तो नेहमीचा उपचार झालेला नाही. तेव्हा प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मेल्या, एवढ्यावरून घरदार विकायला निघू नये.

कोबाल्ट फेराइटबद्दल तर मी आणखी सावध असतो. १९६०च्या दशकात कॅनडातल्या क्विबेकमध्ये फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये कोबाल्ट घातले जाई. भरपूर पिणाऱ्यांच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले, माणसे दगावली. कणातून किती कोबाल्ट सुटते, याचे मोजमाप नसेल तर ‘जैवअनुकूल’ हा शब्द लिहू नये.

माझे खरे मागणे पाण्याबद्दल आहे. २०१९च्या टंचाईत मुकुंदवाडीतली मुले रिकामी भांडी घेऊन रेल्वेने औरंगाबाद स्थानकावर जात आणि पाणी भरून परतत. जगभर ती बातमी गेली. फेराइटने नळाला पाणी येणार नाही, बोअरच्या पाण्यातले क्षारही त्याने जाणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करायचे असेल तर त्यातले रंग आणि औषधे काढावी लागतात. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी घेतली की तिचा जवळपास निम्मा भाग जसाच्या तसा लघवीतून गटारात जातो. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाचे सांडपाणी असे प्रतिजैविकांनी भरलेले असते आणि त्या गटारात जंतू औषधांना सरावतात. वॉर्डात मग औषध चालत नाही.

आणि आपले बरेचसे प्रयोग चालतात ते डिस्टिल्ड पाण्यात टाकलेल्या मिथिलीन ब्लूवर. हा निळा रंग स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे तो फिका पडला याचे श्रेय भुकटीचे की त्याचे स्वतःचे, हे कळत नाही. कधी तो नुसता कणांना चिकटून बसतो. पाणी नितळ दिसते, पदार्थ तुटलेला नसतो.

विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. एक कॅन सांडपाणी नेणे अवघड नाही. गाळ, साबण, फिनेल, क्षार, सगळे असू द्यावे त्यात. मे महिन्याच्या उन्हात ठेवावे, भुकटी घातलेले आणि न घातलेले. औषध किती उरले, पाण्यात धातू किती उतरला, चुंबकाने किती भुकटी परत आली आणि पाचव्या वेळी ती काम करते का, एवढे मोजावे. आकडे वाईट आले तरी छापावेत. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अशा प्रबंधासाठी वर्षभर जास्त लागेल, ते त्याला मिळाले पाहिजे.