पराभवाचे खापर कोणाच्या माथी?

अमेरिकेत ८ नोव्हेंबर २०१६ रोजी अध्यक्षीय निवडणूक झाली आणि पराभूत बाजूच्या मतदारांच्या मनात एक समजूत घर करून बसली. निवडणूक आपण हरलो नाही, रशियाने ती आपल्या हातून काढून घेतली. आणि बाहेरचा कोणी संगणकापुढे बसून आपला अध्यक्ष ठरवू शकत असेल, तर मतदान करून, सभांना जाऊन, दारोदार फिरून काय उपयोग? यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा साफ चुकीचा आहे. ज्यांनी तो मनावर घेतला त्यांनी नकळत मॉस्कोचेच काम पुढे नेले, असे माझे ठाम मत आहे. इतक्या वर्षांनी हे मांडण्याचे कारण असे की २०२४च्या निकालानंतर तीच हताशा तिथे पुन्हा पसरली आहे, आणि न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतही ‘आता इथे काही राम राहिला नाही’ हे वाक्य ऐकू येते.

आधी जे खरे आहे ते नीट सांगायला हवे, कारण तेही नाकारणारे कमी नाहीत. डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांचे समर्थक रशियाचे सारे प्रकरण म्हणजे रचलेले कुभांड असे म्हणत आले. त्यांच्या बाजूने एवढे खरे आहे की विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या चौकशीत ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियन सरकारशी कट केल्याचे सिद्ध झाले नाही. पण हस्तक्षेप झाला का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्याच अहवालात निःसंदिग्ध आहे: झाला, मोठ्या प्रमाणावर झाला, पद्धतशीरपणे झाला. डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च २०१६ रोजी पासवर्ड बदलायला सांगणारी बनावट मेल आली आणि त्यांचा पत्रव्यवहार चोरांच्या हाती गेला. ७ ऑक्टोबरपासून तो विकिलीक्सवर हप्त्याहप्त्याने येऊ लागला. या आणि अशा चोऱ्यांबद्दल जुलै २०१८ मध्ये रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्षपद रिपब्लिकन पक्षाकडे होते, तरी तिचाही निष्कर्ष हाच निघाला. तेव्हा ‘काही घडलेच नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मात्र जे घडले ते कसे घडले, हे जवळून पाहिले पाहिजे. २१ मे २०१६, ह्यूस्टन शहरातला ट्रॅव्हिस रस्ता. तिथल्या इस्लामिक केंद्राबाहेर एका बाजूला टेक्सासच्या इस्लामीकरणाला विरोध करणारे लोक जमले, समोरच्या बाजूला मुस्लिमांच्या समर्थनार्थ आलेले. घोषणा, फलक, मध्ये पोलीस. विरोधकांना बोलावले होते ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाने आणि समर्थकांना ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने. दोन्ही पाने सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ नावाच्या संस्थेतून चालत होती. दोन्हीकडच्या जाहिरातींवर मिळून खर्च झाला सुमारे २०० डॉलर. समोरासमोर उभ्या असलेल्यांपैकी कोणालाही कल्पना नव्हती की आपल्याला इथे आणणारा हात एकच आहे.

या प्रसंगातून बहुतेक लोक शिकले ते एवढेच, की बघा, रशिया किती बलाढ्य आहे! मला त्यात नेमके उलटे दिसते. २०० डॉलरमध्ये द्वेष विकत घेता येत नाही. तो आधीपासून तयार असावा लागतो. भिंतीला तडा असेल तरच पाणी आत शिरते. ट्रॅव्हिस रस्त्यावर आलेली माणसे खरी होती, त्यांचा राग खरा होता, आणि तो राग अमेरिकेतल्याच राजकारणाने, अमेरिकेतल्याच वाहिन्यांनी वर्षानुवर्षे पोसलेला होता. बाहेरच्या माणसाने फक्त तारीख, वेळ आणि पत्ता कळवला.

आता मतांकडे वळू. क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ७० हजार मते जास्त पडली. तरी त्या हरल्या, कारण अमेरिकेत राज्यनिहाय निर्वाचक मते मोजली जातात. मिशिगन १०,७०४ मतांनी गेले, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी, पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी. ही पद्धत कोणा परक्याने लादलेली नाही, ती त्यांच्या राज्यघटनेत आहे. विस्कॉन्सिनचेच पाहा. क्लिंटन उमेदवारी मिळाल्यानंतर त्या राज्यात एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत. मिलवॉकी शहरात २०१२च्या तुलनेत सुमारे ४१ हजार मते कमी पडली, म्हणजे राज्यातल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट. ओळखपत्राची नवी सक्ती, निरुत्साही प्रचार, दोन्ही उमेदवारांबद्दलची नावड, अशी बरीच कारणे त्यामागे होती. समाजमाध्यमांवरच्या रशियन खात्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना सर्वाधिक लक्ष्य केले होते, मतदान करू नका असेही सुचवले होते. हेही विसरू नये. पण ‘आमच्या मताला किंमत नाही’ ही भावना मिलवॉकीच्या उत्तर भागात कोणी फेसबुकवरून नेली नव्हती. कारखाने बंद पडलेल्या, तुरुंगांनी पोखरलेल्या त्या वस्त्यांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या होती.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप घेतला जातो. तीन राज्ये मिळून फरक जेमतेम ७७ हजारांचा. एवढ्याशा फरकात रशियाचा धक्का पुरेसा नव्हता का? असेलही. कॅथलीन हॉल जेमिसन यांच्यासारख्या जाणत्या अभ्यासकांनी तसे मांडले आहे, आणि चोरलेल्या मेलमुळे प्रचाराच्या शेवटच्या महिन्यात चर्चेचा रोख बदलला हा त्यांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. दुसरीकडे ट्विटरपुरता केलेला, २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की रशियन खात्यांचा ७० टक्के मजकूर अवघ्या १ टक्का वापरकर्त्यांपुढे गेला आणि त्याने मते बदलल्याचा पुरावा सापडला नाही. हा वाद मिटेल असे मला वाटत नाही. पण फरक इतका कमी असतो तेव्हा प्रत्येक कारण पुरेसे ठरते. रशियाचा धक्का पुरेसा, तशी न घेतलेली मिलवॉकीची सभाही पुरेशी, आणि न ठोठावलेली दारेही. यांपैकी पहिले कारण मतदाराच्या हातात नव्हते, बाकीची होती. हातात असलेली कारणे सोडून नेमके हातात नसलेले कवटाळून बसण्याला मी हताशा म्हणतो, विश्लेषण म्हणत नाही.

या वृत्तीचे पुढचे टोकही दिसले. रशियाने मतांचे आकडेच बदलले असे मानणारे डेमोक्रॅट मतदार नंतरच्या सर्वेक्षणांत मोठ्या संख्येने आढळले. तसा एकही पुरावा कुठल्याही चौकशीत मिळालेला नाही. चार वर्षांनी रिपब्लिकन मतदार निवडणूक चोरली गेली असे म्हणू लागले आणि ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेवर चाल करून गेले. दोन्ही गोष्टींची बरोबरी मी करत नाही. एकीकडे सिद्ध झालेल्या हस्तक्षेपाचा अतिरेकी अर्थ होता, दुसरीकडे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा फेटाळलेला निराधार दावा. पण आपल्या विरोधात मत देणारा शेजारी खराच आहे, हे मान्य करण्याची तयारी दोन्हीकडे नव्हती.

आपल्या वाचकांना हा रोग नवा नाही. १९७०च्या दशकात इंदिरा गांधींच्या भाषणांतला ‘परकीय हात’ आठवणारे लोक अजून आहेत. महागाई आणि बेकारीविरुद्ध रस्त्यावर आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्याच्यामागे कोण आहे हे शोधणे सत्तेला तेव्हा सोयीचे होते. अमेरिकेत सोय पराभूतांनी पाहिली, एवढाच फरक. ‘चिली, इराण, इटलीत अमेरिकेने हेच केले, मग भोगू दे’ असे म्हणणारेही आपल्याकडे पुष्कळ भेटतात. इतिहास त्यांचा बरोबर आहे, न्याय चुकीचा आहे. सांतियागोच्या मतदाराची फसवणूक झाली म्हणून मिलवॉकीच्या मतदाराची फसवणूक योग्य ठरत नाही.

मग करायचे काय? इथे मला व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. क्लिंटन यांच्या पराभवाला वर्ष होत असताना, नोव्हेंबर २०१७ मध्ये, तिथे राज्याच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. एरवी बिनविरोध सोडल्या जाणाऱ्या जागांवरही डेमोक्रॅट उमेदवार उभे राहिले. शिक्षिका, वकील, पत्रकार, अनेक जण पहिल्यांदाच. डॅनिका रोम या पारलिंगी पत्रकार बाईंनी १९९२ पासून आमदार असलेल्या बॉब मार्शल यांना हरवले, आणि रोम यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता रूट २८ वरची वाहतूक कोंडी. १०० जणांच्या सभागृहात डेमोक्रॅट पक्षाच्या १५ जागा वाढल्या.

न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या ९४ क्रमांकाच्या मतदारसंघात तर फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने विजयी ठरल्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली. तिच्यावर दोन्ही उमेदवारांची वर्तुळे भरलेली होती आणि सायमंड्स यांच्या खुणेवर एक रेघ मारलेली. न्यायालयाने ते मत प्रतिस्पर्धी डेव्हिड यान्सी यांचे धरले. दोघांना ११,६०८ मते. ४ जानेवारी २०१८ रोजी एका वाडग्यात चिठ्ठ्या टाकून निकाल लावला गेला. यान्सी जिंकले आणि सभागृह ५१-४९ असे रिपब्लिकन पक्षाकडेच राहिले.

म्हणजे सत्ता मिळालीच नाही. तरीही त्या ४९ जागांनी काय केले ते पाहा. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ आरोग्ययोजनेचा विस्तार राज्यात कित्येक वर्षे अडवून धरलेला होता. निकालाने हादरलेले काही रिपब्लिकन आमदार आता बाजूने आले, ७ जून २०१८ रोजी गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी सही केली आणि सुमारे ४ लाख लोकांसाठी उपचारांचा मार्ग खुला झाला. ज्यांनी २०१७ मध्ये दारे ठोठावली, त्यांना वॉशिंग्टनमधल्या अध्यक्षाचे काहीही वाकडे करता आले नव्हते. त्यांनी शेजारच्या मधुमेही बाईला इन्सुलिन मिळेल एवढी सोय केली. एवढ्याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की त्यांनी ती बाई पाहावी.

परक्या हस्तक्षेपाला खरे उत्तरही याच पातळीवर मिळाले. व्हर्जिनियाने सप्टेंबर २०१७ मध्ये, मतदानाला दोन महिने उरले असताना, कागदी नोंद न ठेवणारी सर्व स्पर्शपडदा यंत्रे बाद केली. २०२० मध्ये जॉर्जियात सुमारे ५० लाख कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या आणि निवडणूक चोरल्याचा आरोप तिथेच पडला. त्यानंतरचे उदाहरण ऑक्टोबर २०२४चे. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत ट्रम्प यांच्या नावाच्या टपाली मतपत्रिका कोणी फाडत असल्याची चित्रफीत फिरू लागली. काउंटीच्या निवडणूक मंडळाने लगोलग जाहीर केले की त्यातली पाकिटे आणि कागद आमचे नाहीत. ती फीत रशियन लोकांनी बनवल्याचे एफबीआय आणि इतर केंद्रीय यंत्रणांनी पुढच्याच दिवशी सांगितले. खोटे आधी ओळखले ते रोज तीच पाकिटे हाताळणाऱ्या स्थानिक माणसांनी.

ही माणसे आकाशातून पडत नाहीत. अनेक काउंट्यांत मतदान केंद्रावर काम करायला माणसे कमी पडतात आणि जी येतात त्यांतली बरीच वयस्कर असतात. आपल्या नागरिक झालेल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवाच्या मांडवाचे हिशेब, रांगा, पावत्या हे सारे चोख सांभाळले आहे. त्यांना हे काम जड नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही, पण प्रचारात स्वयंसेवक म्हणून राबायला कायद्याची आडकाठी नाही. आणि चिकाटीचे फळही मिळते. न्यूपोर्ट न्यूजच्या सायमंड्स २०१९ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने मतदारसंघाच्या सीमा मधल्या काळात बदलल्या होत्या, त्याची मदत झाली असेल. पण त्या उभ्या राहिल्या म्हणूनच यान्सी यांना हरवू शकल्या, आणि त्या वेळी सभागृहातले बहुमतही पालटले. पुढची मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे. केंद्रावरच्या कामासाठी नावे आणि प्रशिक्षण त्याच्या कित्येक आठवडे आधी असते.