बेसिनच्या पुढचे रसायनशास्त्र

बारावीच्या सायन्सला असलेल्या मुलाला प्रॅक्टिकलमध्ये एक अनोळखी क्षार ओळखायला देतात. त्यात शिसे आहे की तांबे, क्लोराइड आहे की नायट्रेट, हे शोधता शोधता तो एकामागून एक टेस्टट्यूब बेसिनमध्ये रिकाम्या करतो, नळ सोडतो आणि जर्नलवर सही घेऊन घरी येतो. क्षार बरोबर ओळखला की मार्क मिळतात. 'त्यातले शिसे पुढे कुठे गेले?' असे तोंडी परीक्षेत विचारणारा परीक्षक निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

एवढ्याशा पाण्याने काय होणार, असे कोणीही म्हणेल. कारखान्यांच्या सांडपाण्यापुढे प्रयोगशाळांचे पाणी म्हणजे चिमूटभर, हे खरेच आहे. पण कारखान्याला आपल्या पाण्यात काय आहे ते ठाऊक असते, कारण तिथे रोज तोच माल निघतो. प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये सकाळी आम्ल, दुपारी धातूंचे क्षार आणि संध्याकाळी क्लोरोफॉर्म. शहराचे मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र चालते ते जिवाणूंच्या जिवावर. ते जिवाणू आपले उष्टेखरकटे आनंदाने खातात, पण शिसे, पारा, क्रोमियम त्यांना पचत नाही. हे धातू एकतर पाण्याबरोबर नदीत जातात, नाहीतर गाळात बसतात. आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडला, तर तिथे.

गंमत (तिला गंमत म्हणायचे तर) अशी की पाणी किती दूषित आहे हे तपासणाऱ्या प्रयोगशाळाही यातून सुटत नाहीत. सांडपाण्याची 'सीओडी' ही चाचणी सगळीकडे होते. तिच्या मोठ्या फ्लास्कच्या जुन्या पद्धतीत २० मिलिलिटर नमुन्याला ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घालतात, पाण्यातल्या क्लोराइडमुळे उत्तर चुकू नये म्हणून. त्यात पारा सुमारे ०.२७ ग्रॅम. आपल्या पर्यावरण नियमांप्रमाणे सोडायच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. आकडेमोडीची सवय जात नाही, म्हणून कागदावर मांडून पाहिले: एका फ्लास्कमधला पारा नुसते पाणी ओतून त्या मर्यादेत बसवायचा, तर २७ हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, एका चाचणीला! आणि एवढे पाणी ओतूनही पारा तेवढाच राहणार.

निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेचे हिशेब पाहायला मी जात असे. 'दुरुस्ती व देखभाल' या सदरात प्लंबरचे बिल दर दीड-दोन वर्षांनी यायचे, आणि ते नेहमी रसायनशास्त्र विभागाचेच असायचे. बेसिनखालचा लोखंडी पाइप खाल्ला गेलेला. दोनदा बदलल्यावर कमिटीने प्लास्टिकचा पाइप बसवला आणि प्रश्न सुटल्याची नोंद इतिवृत्तात केली. पाइप वाचला, एवढे खरे. बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. पण ऑडिटर आला की पहिल्यांदा तेच खाते उघडतो. बेसिनच्या पलीकडचे खाते उघडणारा कोणी नाही.

वास्तविक यातले बरेचसे काम प्रयोगशाळेतच होण्यासारखे आहे. काचेची भांडी लख्ख करायला वापरतात ते नारिंगी क्रोमिक ॲसिड घ्या. (ते वापरूच नये, साध्या डिटर्जंटवर बहुतेकदा भागते, पण जुनी बाटली कपाटात असतेच.) ते सावकाश पाण्यात ओतून सौम्य करायचे आणि आम्ल असतानाच त्यात हिराकस घालायचा. नारिंगी रंग जाऊन द्रावण हिरवट होते. म्हणजे विषारी क्रोमियमचे बरेच सौम्य रूप झाले. मग चुना घालून आम्ल मारले की क्रोमियम गाळ होऊन तळाशी बसते. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मीठ टाकले की दह्यासारखा पांढरा साका धरतो. त्यात चांदी असते आणि ती परत मिळवता येते, हे खजिनदारांच्या कानावर घालायला हरकत नाही. सायनाइड मात्र आम्लाजवळ चुकूनही जाता कामा नये; त्यातून निघणारा वायू जीव घेतो. ॲसिटोन, अल्कोहोल एका कॅनमध्ये, क्लोरोफॉर्म दुसऱ्या.

पारा आणि खाली बसलेला गाळ यांचा निकाल कॉलेजात लागत नाही. ते सीलबंद, चिठ्ठी लावून तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रांकडेच जायला हवे. ही केंद्रे उद्योगांचा टनावारी माल घेणारी. वीस लिटरच्या कॅनसाठी गाडी कोण पाठवणार? शिवाय २०१६च्या नियमांनुसार असा कचरा साधारणतः ९० दिवसांपलीकडे साठवता येत नाही. गावातल्या पाच-सहा कॉलेजांनी मिळून एक फेरी ठरवली तर खर्च विभागतो. वर्गणी काढून गॅदरिंग करणाऱ्या संस्थांना हे जमू नये, असे नाही. १९७४चा पाणी प्रदूषणाचा कायदा नदीत, विहिरीत किंवा गटारात जाणूनबुजून विषारी द्रव्य सोडायला कोणालाही मनाई करतो. त्यात प्राध्यापकांना सूट दिल्याचे मी वाचलेले नाही.

आधी मुळात कमी ओतावे, हे सगळ्यात स्वस्त. जिथे पाच मिलिलिटर लागते असे आपण धरून चालतो, तिथे पुष्कळदा पाच थेंबांत तोच रंग, तोच साका दिसतो. आणि जर्नलमध्ये 'निष्कर्ष'च्या खाली एक ओळ वाढवावी: 'उरलेले द्रावण कोणत्या कॅनमध्ये ओतले?' तिला दोन मार्क ठेवावेत. दोन मार्कांसाठी आपली मुले काय काय करतात, हे आईबापांना मी सांगायला नको.