भेगा आधीच होत्या

गाडीला मशीन पॉलिश करून घरी आणली, पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली उभी केली आणि बोनेटवर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या, की आपण सगळे एकच निष्कर्ष काढतो. पॉलिशवाल्यानं वाट लावली! काल भेगा नव्हत्या, आज आहेत, मधे फक्त पॉलिश झालंय. लॉजिक अगदी बिनचूक वाटतं. माझं म्हणणं असं आहे की बहुतेक वेळा ते चुकीचं असतं, आणि त्याची किंमत ज्याच्या हातात मशीन असतं त्या पोराला मोजावी लागते.

हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात भूगावच्या पुढे, पिरंगुट रस्त्यावरच्या एका डिटेलिंगच्या दुकानात झालेला राडा. (हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट हे सगळं मुळशी तालुक्यात येतं हे फेज थ्रीमधे पाच-पाच वर्षं काढलेल्यांनाही माहीत नसतं. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना लागणारं धरण. असो.) माझ्या टीममधल्या एका मित्रानं चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली काळी सेडान तिथे दिली होती. आणायला मी पण गेलो होतो. गाडी आरशासारखी चमकत होती. फक्त बोनेटच्या उजव्या अर्ध्या भागात आणि त्याच बाजूच्या मडगार्डवर बारीक बारीक रेघा होत्या, आणि त्यात पॉलिशची पांढरी भुकटी अडकलेली. मित्र भडकला. वाद नको म्हणून मालकानं निम्मे पैसे परत केले आणि आमच्यासमोरच पोराला सांगितलं, "हे तुझ्या पगारातून जाणार." पोरगं विशीतलं. म्हणालं, "साहेब, मी नाय केलं. आधीपासून होतं ते. वरची घाण निघाली म्हणून दिसाय लागलं." कोणी ऐकून घेतलं नाही.

पोरगं बरोबर होतं.

ऑफिसच्या प्रिंटरमधला एक कागद घ्या. त्याची जाडी साधारण १०० मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे एक ते दीड कागद. त्यात तळाशी गंज थांबवणारा थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. चमक दिसते ती या क्लिअर कोटची. मशीन पॉलिश म्हणजे हा वरचा थर किंचित घासून सपाट करणं. हलक्या हाताच्या पॉलिशनं एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, जोरदार कंपाउंड मारलं तर आणखी काही. कपड्यानं पुसताना पडलेले उथळ ओरखडे यात निघून जातात. भेग मात्र थराच्या खोलीत उतरलेली असते, ती कशी जाणार? घासल्यावर जातो तो ओरखडा आणि घासल्यावर जास्त स्पष्ट होते ती भेग, एवढी खूणगाठ बांधली तरी निम्मी भांडणं मिटतील.

मग आधी का दिसली नाही? तर मळकट काळ्या रंगावर हजारो बारीक ओरखडे असतात. उजेड त्यावर पडून इकडेतिकडे पसरतो आणि भेगा त्या धुरकटपणात हरवून जातात. शिवाय विकताना गाडीला वॅक्स किंवा तेलकट पॉलिश चोपडलेलं असतं, ते भेगांमधे बसतं. डिटेलिंगवाला आधी गाडी नीट धुऊन हे सगळं काढून टाकतो, मग पृष्ठभाग सपाट करतो आणि वर स्वतःची पांढरी भुकटी भेगांमधे भरतो. म्हणजे त्यानं भेगा अधोरेखित केल्या. टेस्टिंगवाल्यानं बग शोधला म्हणून बग त्यानंच घातला, असं आपण ऑफिसात म्हणून बघा बरं. (काही मॅनेजर म्हणतात, पण तो वेगळा विषय.)

आता उजव्या अर्ध्या बोनेटचं. मशीन तर सगळ्या गाडीवरून फिरलं होतं. त्यानं भेगा पाडल्या असत्या तर डावी बाजू, दरवाजे, डिकी का वाचले? एक कोपरा आणि त्याला लागूनचं मडगार्ड, ही धडकेची खूण आहे. कुठल्यातरी गॅरेजात टिंकरिंग झालं, पुट्टी भरली, वरून रंग मारला. अशा रंगात हार्डनरचं प्रमाण चुकलं, जाड थर दिले, किंवा एक थर सुकायच्या आत दुसरा मारला आणि सॉल्व्हंट आत अडकलं, की तो रंग सुरुवातीला छान दिसतो. मग एप्रिल-मेमधे उघड्या पार्किंगमधे काळं बोनेट दिवसभर तापतं, रात्री गार होतं. पत्रा, पुट्टी, रंग सगळे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात. उन्हानं कडक झालेला वरचा थर हा ताण सोसत नाही आणि तडकतो. हे नवीन दुखणं नाही. ड्यूपाँट कंपनीनं १९२३ च्या सुमारास गाड्यांसाठी जे झटपट सुकणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं, ज्याचं 'ड्यूको' हे नाव आपले फर्निचरवाले अजून घेतात, ते तर जाड थरात तडकण्यासाठी प्रसिद्धच होतं.

पॉलिशवाल्याची चूक कधीच नसते असं मी म्हणत नाही. रोटरी मशीन एकाच जागी धरून ठेवलं तर रंग तापतो. प्लास्टिकच्या बंपरवर किंवा आधीच कमकुवत असलेल्या टच-अपवर त्यानं नुकसान होऊ शकतं. कडांवर तर क्लिअर कोट पार निघून खालचा थर दिसायला लागतो. पण ते नुकसान वेगळं दिसतं, जळल्यासारखा निस्तेज डाग असतो तो, रेघांचं जाळं नव्हे.

नंतर आम्ही दुसऱ्या एका बॉडी शॉपमधे रंगाची जाडी मोजायचं मीटर लावून बघितलं. डाव्या बाजूला ११५-१२०, उजवीकडे ३४० च्या वर. चार वर्षांपूर्वी "सिंगल स्क्रॅच नाही" म्हणून घेतलेली गाडी! मित्रानं परत घेतलेले पैसे मालकाला पाठवले, पोराच्या पगारातून कापू नका असा मेसेजही केला. मालकाचा फक्त अंगठा आला.

मला खटकतं ते इथे. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला त्याची बाजू मांडायची संधी द्यायची, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पोरानं बाजू मांडली, ती सुद्धा तांत्रिकदृष्ट्या बरोबर, आणि समोर उभ्या असलेल्या दोन इंजिनीयरांपैकी एकाचं तोंड रागानं लाल होतं. मीटर काही हजारांत मिळतं. सिरॅमिक कोटिंगचे बोर्ड लावणाऱ्या दुकानाला ते परवडत नाही हे मला पटत नाही. मशीन लावायच्या आधी प्रत्येक पॅनेलचं रीडिंग जॉबकार्डवर लिहायचं, उन्हात तिरक्या कोनातून फोटो काढायचे, गिऱ्हाइकाची सही घ्यायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण मोजलं की गाडीचा इतिहास बाहेर येतो आणि मग गिऱ्हाईक कोटिंगचं पॅकेज घेईल की नाही ही धास्ती.

कोटिंगवरून आठवलं. ते जे '९एच' म्हणून सांगतात ना, ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याच्या जवळपासचं वगैरे काही नाही. आणि भेगांवर कोटिंग मारून भेगा बुजत नाहीत. तो भाग खालच्या शाबूत थरापर्यंत घासून नव्यानं रंगवणं एवढाच उपाय आहे.

आपलंही थोडं आहेच. दर दिवाळीला आणि दर लग्नसराईला गाडी मशीनखाली घालायची हौस आपल्याला असते. दरवेळी थोडा थोडा क्लिअर कोट जातो आणि उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनं त्यातच असतात. साध्या धुण्यावर आणि वॅक्सवर भागत असेल तर भागवा. सेकंडहँड गाडी बघायला जाताना मात्र दुपारच्या उन्हात जा, बेसमेंटमधे नको, आणि चकाचक पॉलिश केलेली दिसली तर मीटरवाला सोबत घेऊन जा.