लावा आणखी जोर!

अडलेली वस्तू दिसली की तिला आधी धक्का मारून पाहायचा, हा आपला मराठी स्वभाव आहे. पावसाळ्यात दार फुगले, मारा लाथ. बरणीचे झाकण निघेना, बोलवा घरातल्या सगळ्यांत धट्ट्याकट्ट्या माणसाला. टेबलाचा खण अडकला, ओढा दोन्ही हातांनी. मग निघते ती मूठ. खण आत जागच्या जागी असतो.

दार, बरणी आणि खण यांची बाजू घेऊन भांडायला मी बसलेलो नाही. ती निर्जीव मंडळी आहेत. पण हाच न्याय हाडामांसाच्या माणसाला लावणारा एक संप्रदाय हल्ली फार बोकाळला आहे आणि माझे भांडण त्याच्याशी आहे. या संप्रदायाचा मंत्र तीन शब्दांचा आहे : ‘लावा आणखी जोर!’

गंगापूर रोडवरच्या एका व्यायामशाळेत मी गेली दोन वर्षे वल्ही मारतो. गोदावरी तिथून फार लांब नाही. पण मी वल्ही मारतो ती पहिल्या मजल्यावर, भिंतीकडे तोंड करून. सरकत्या बैठकीवर बसायचे, पावले पट्ट्यांत अडकवायची आणि साखळीचा दांडा पोटापर्यंत ओढायचा, की समोरचे पंख्याचे चाक घोंघावू लागते. 1981 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर नावाच्या दोघा भावांनी सायकलच्या चाकापासून असे पहिले यंत्र बनवले. त्याचीच ही सुधारलेली नातवंडे. उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र पाहिलेल्या नाशिककराला पाण्याशिवाय वल्ही मारण्यात काहीच वावगे वाटत नाही.

यंत्राला एक पडदा असतो. पाचशे मीटरला तुम्ही किती वेळ घेताय, हे तो दर ओढीला, न विचारता सांगतो. माझा आकडा तीन मिनिटांपासून सुरू झाला, भराभर उतरत 2:30 वर आला आणि तिथे अधिकमासातल्या जावयासारखा पाटावर बसला तो उठेचना! चार महिने 2:30. याला व्यायामाच्या भाषेत ‘प्लॅटो’ म्हणतात. म्हणजे पठार.

झाले! संप्रदायाला बातमी लागली.

“काका, तो लिव्हर दहावर टाका,” इन्स्ट्रक्टर म्हणाला. वय वर्षे तेवीस.

“भावोजी, तुम्ही प्रोटीन घेत नाही. तिथंच सगळं अडलंय,” मेव्हण्याचे निदान. हे गृहस्थ स्वतः लिफ्टने पहिल्या मजल्यावर जातात.

“रोज जीव जाईपर्यंत ओढायचं. दमला नाहीत तर तो व्यायाम कसला?” हे शेजारच्या यंत्रावरचे निवृत्त साहेब. व्यायामशाळेचा छापील तक्ताही त्यांच्याच बाजूचा : आठवड्यातून पाच दिवस, वीस मिनिटे, पूर्ण जोर.

आता एकेकाचा समाचार घेऊ.

आधी तो लिव्हर. एक ते दहा आकडे पाहून लोकांना वाटते, दहा म्हणजे मर्द आणि तीन म्हणजे आजारी माणूस. अहो, तो लिव्हर म्हणजे वजन नव्हे. चाकाच्या डब्यात हवा किती शिरू द्यायची, एवढेच तो ठरवतो. हवा जास्त, तर चाक लवकर मंदावते आणि पुढची ओढ जड लागते. पण यंत्र मोठे हिशेबी! चाक किती झपाट्याने मंदावते हे ते दर ओढीला मोजते आणि त्याप्रमाणे तुमचा हिशेब करते. दहावर टाकल्याचे फुकट मार्क मिळत नाहीत. भल्याभल्या नौकानयनपटूंचा लिव्हर तीन ते पाचच्या आसपास असतो. दहावर असतो तो आमच्या व्यायामशाळेत.

मग आकडा अडतो का? शरीर आळशी म्हणून नव्हे, तर गणित कडू म्हणून. या यंत्रावर ताकद वेगाच्या घनाने वाढते. दुप्पट वेग हवा तर आठपट ताकद लागते. तीन मिनिटांवरून 2:50 ला यायला सुमारे 11 वॅट जास्त पुरतात. 2:30 वरून 2:20 ला यायला 24 लागतात आणि 2:10 वरून दोन मिनिटांवर यायला 43. दर वेळी सेकंद तेच दहा! वणीच्या गडाची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच केली असती, तर अर्ध्या वाटेत टेकलेल्या भक्ताला आपण नास्तिक म्हटले असते काय?

राहिले ‘जीव जाईपर्यंत’वाले. यांच्यासाठी मी थेट नॉर्वेहून साक्षीदार आणला आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय नौकानयनपटूंच्या 1970 ते 2001 या काळातल्या सरावाचा हिशेब तिथल्या संशोधकांनी मांडला. हळू, बोलता येईल अशा बेताने केलेला सराव महिन्याला 30 तासांवरून 50 तासांवर गेला. शर्यतीच्या किंवा त्याहून जास्त जोराचा सराव 23 तासांवरून 7 वर आला. जोर उतरला, आणि सहा मिनिटांच्या यंत्रावरच्या परीक्षेतली कामगिरी? ती सुमारे दहा टक्क्यांनी वाढली! ही माणसे रविवारी सकाळी मिसळ खाऊन वल्ही मारणारी नव्हेत, जगज्जेत्यांच्या पंक्तीतली. रोज जीव द्यायला तेही तयार नव्हते. हळू ओढताना हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. हे काम सावकाश चालते आणि पडदा त्याचा आकडा दाखवत नाही. संप्रदायाची अडचण ती हीच.

आणि ‘पठार’ हा शब्द आपण नाशिककरांनी शिवीसारखा वापरावा, याचे मला आश्चर्य वाटते. आपण राहतो कुठे? कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लागतात, सदतिसास एक असा चढ ती धापा टाकत चढते आणि इगतपुरीला ती इंजिने सोडून देतात. कारण पठार आले. तिथून पुढे कुणी मोटरमनला ‘लाव आणखी जोर’ म्हणत नाही. आणि द्राक्षे कसारा घाटात लागत नाहीत, पठारावर लागतात.

द्राक्षांचेच घ्या. एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी होते. त्यानंतर महिनोन्‌महिने वेलीवर नुसता पाला. आमचे निवृत्त साहेब बागाईतदार असते, तर जुलैत वेलीला टॉनिक पाजून ‘घड कुठेत?’ म्हणून तिच्यावर ओरडले असते. पण घड कुठल्या डोळ्यातून फुटायचा, ते याच दिवसांत काडीच्या आत ठरत असते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो नुसता बाहेर येतो. पिंपळगाव-निफाडच्या शेतकऱ्याला हे कळते. गंगापूर रोडवरच्या पदवीधराला कळत नाही.

आकड्याच्या भक्तांना आणखी एक गोष्ट सांगतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, विहिरी खणायच्या कामावर राबलेला पोरगा. 2012 साली लष्करात गेला, तिथे वल्ही धरायला शिकला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेच्या शर्यतीत उतरला. नंबर आला तेरावा. “तेरावा? मग काय उपयोग!” हे वाक्य मी याच शहरात, चहा पिता पिता ऐकले आहे. अहो, त्या शर्यतीत सहा-सहा जणांच्या अंतिम फेऱ्या असतात. पहिल्या दोन फेऱ्यांत बारा जण संपतात. दत्तूने तिसरी फेरी जिंकली. पुढे पाण्यावर एकही नौका नव्हती; तरी आकडा 13! आकडा खोटे बोलत नाही, पण फार कमी बोलतो. दोन वर्षांनी जाकार्ताच्या एशियाडमध्ये तो, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग या चौघांच्या नौकेने सुवर्णपदक आणले, तेव्हा तेच चहावाले पेढे वाटायला पुढे.

एवढे चिडायचे कारण सांगतो. आमच्या व्यायामशाळेत अकरावीतला एक मुलगा यायचा. उंच, लांब हातांचा, यंत्रासाठीच घडवलेला. वडील शेजारी मोबाइलचे घड्याळ लावून उभे. आकडा अडला की ओरडायचे, “अजून! अजून जोर!” पायांनी ढकलायची ओढ पोरगा दमला की कमरेने ओढायचा, आणि वल्ही मारणाऱ्याची पहिली जाते ती कंबरच. एका गुरुवारी तो यंत्रावरून उठला तो वाकलेलाच. नंतर आला नाही. वडील म्हणाले, “त्याच्यात जिद्दच नाही हो.” मूठ हातात आली होती, आणि दोष खणाचा!

जोर लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. आठवड्यातून एकदा लावा, मनसोक्त लावा, दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्या. बाकीचे दिवस मिनिटाला अठरा-वीस ओढी, शेजाऱ्याशी कांद्याच्या भावावर बोलता येईल अशा बेताने. मी छापील तक्ता उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर हा बेत लिहिला. चार महिन्यांनी पडद्यावर 2:26 आले. मेव्हणा म्हणाला, “प्रोटीन सुरू केलंत वाटतं!”

तो मुलगा परत यायला लागला आहे, असे इन्स्ट्रक्टर परवा म्हणाला. भेटले, तर त्याच्या वडिलांना मी एवढेच सांगणार आहे, “साहेब, तुम्ही खाली जाऊन सावकाश चहा घेऊन या. त्याला अजून चाळीस मिनिटं लागतील.”